सण त्यांचा, पहारा आपला



डिसेंबर उजाडला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप यायला लागतात. एका गटातून येतं, "नाताळ आपला सण नाही, मुलांना ती लाल टोपी घालू नका." दुसऱ्या गटातून येतं, "सगळे सण सगळ्यांचे, चला केक कापू या." दोन्ही गटांत आमचेच नातेवाईक आहेत. काही जण तर दोन्हीकडे आहेत आणि दोन्ही निरोप तितक्याच भक्तिभावाने पुढे पाठवतात! मी कोणालाच उत्तर देत नाही. पण या विषयावर मनात बरंच साठलं आहे, ते आज एकदा सविस्तर लिहून काढते.

मला या वादात एक गोष्ट खटकते. "करा" म्हणणारे आणि "करू नका" म्हणणारे, दोघांच्याही आजूबाजूला आपली माणसं भरपूर आहेत. दुसऱ्याच्या सणात जायचं की नाही, हे ते मजेत ठरवू शकतात. ज्याच्यासारखा आजूबाजूला दुसरा कोणी नाही, त्या एकट्या माणसाला ही चैन नसते. त्याने सणात भाग घेतला तर स्वतःचं काहीतरी सुटतं, नाही घेतला तर "शिष्ट" म्हणवून घ्यावं लागतं. त्या एकट्याशी आपण कसं वागतो, यावर माझ्या मते सगळं ठरतं.

हे मला शिकवलं ते एका बेने इस्रायली काकांनी. आम्ही वाशीमची माणसं, समुद्र आमच्यापासून शेकडो कोस दूर. पण माझी मावशी पनवेलला दिली होती, त्यामुळे मोठ्या सुटीत आमचा मुक्काम तिकडे असे. पनवेलला यहुद्यांची वस्ती जुनी. तिथलं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं आहे. मावशीच्या शेजारीच एक इस्रायल कुटुंब राहायचं. (कोकणात त्यांना नुसतं 'इस्रायल' म्हणतात, ज्यू वगैरे शब्द आम्हाला पुस्तकातून कळले.) घरात आमच्यासारखंच मराठी, काकू नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र. फरक इतकाच की दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरपी नळी ठोकलेली असे आणि शनिवारी त्या घरात चूल पेटत नसे. काका बोटीवर इंजिनियर होते. वर्षातून दोन-तीन महिने घरी असत, आणि घरी असले की संध्याकाळी ओटीवर आम्हा मुलांची शाळा भरे.

त्यांनी सांगितलेला बोटीवरचा नाताळ मला अजून पाठ आहे. साल १९६० नंतरचं. मालवाहू बोट, अरबी समुद्र सोडून पुढे निघालेली. कप्तान पारशी, मुख्य इंजिनियर कोल्हापूरकडचे, डेकवरचे सारंग आणि खलाशी रत्नागिरीकडचे मुसलमान, तर स्वयंपाकघर नि वाढपी सगळे गोव्याचे ख्रिस्ती. तिसरा इंजिनियर वसईचा ख्रिस्ती. काका चौथे इंजिनियर, आणि अख्ख्या बोटीवर यहुदी असे ते एकटे.

नाताळाच्या आठवडाभर आधीपासून बोटीवर गडबड सुरू झाली. कूकने बांबूच्या काड्या नि पतंगाचा कागद जमवून मोठी चांदणी केली. नेवऱ्या, दोदोल, केक असा बेत ठरला. हिंदू मंडळी खुशीत सामील झाली. खलाशी संख्येने बरेच होते, त्यांची वेगळी भटारखाना-पंगत होती, ते आपल्यात राहिले तरी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. राहता राहिले काका. टोळी मोठी असली की तिचं वेगळं राहणं रीत म्हणून खपतं, एकटा वेगळा राहिला की तो त्याचा स्वभाव ठरतो. हे वाक्य माझं नव्हे हो, त्यांचंच!

एक तरुण वायरलेस अधिकारी त्यांच्या मागेच लागला. "तुम्ही नाताळबुवा व्हा. दाढी लावा, भेटी वाटा." काकांनी हसून नाही म्हटलं. तो म्हणाला, "अहो, येशू तुमच्यातलाच ना? मग हा सण आमच्याआधी तुमचा!" यावर काकांनी दिलेलं उत्तर सांगताना ते स्वतःच खो खो हसत. ते म्हणाले, "जन्मला आमच्या घरात, पण बारसं तुम्ही केलंत. आता पेढे तुम्हीच वाटा." जेवणघरात हशा पिकला. पण तो पोरगा थोडा फुरंगटलाच. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "हा स्वतःला वेगळा समजतो."

काका सांगायचे की, त्या एका वाक्याने त्यांना रात्री झोप लागली नाही. रागाने बोललेलं वाक्य नव्हतं ते. उलट प्रेमानेच ओढत होते सगळे. म्हणून तर उत्तर सुचेना. शिवी दिली असती तर शिवी देता आली असती.

मग त्यांनी एक केलं. बोटीवर चोवीस तास इंजिन चालू, तिथे चार-चार तासांचे पहारे असतात, त्याला वॉच म्हणतात. चौथ्या इंजिनियरचा वॉच आठ ते बारा, तिसऱ्याचा बारा ते चार. म्हणजे बरोबर नाताळाच्या मध्यरात्री वसईकराला खाली इंजिनरूममध्ये उतरावं लागणार होतं. काका त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "चोवीसच्या रात्री तुझा वॉच मी करतो. तू वर राहा, आपल्या माणसांत." रात्री आठ ते पहाटे चार, सलग आठ तास त्यांनी त्या उकाड्यात, त्या आवाजात काढले.

रात्री एकच्या सुमारास वसईकर इस्त्रीचा शर्ट घालून लोखंडी शिड्या उतरत खाली आला. हातात झाकलेली ताटली. म्हणाला, "कूकने तुझ्या नेवऱ्या वेगळ्या तळल्यात, खोबरेल तेलात. चरबीच्या कढईत घातल्या नाहीत." ताटलीत तळलेलं पापलेटही होतं. बोटीवर कोळंबी होती, डुकराचं सोरपोतेल होतं, पण कूकला ठाऊक होतं की हा माणूस खवल्यांचा मासाच खातो. काकांनी न सांगता त्याने ते पाहून ठेवलं होतं. वसईकर अर्धा तास तिथेच पेटीवर बसला. आवाजामुळे फारसं बोलता येत नव्हतंच. मग चांगला शर्ट तेलकट करून तो वर गेला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात काकांचा मोठा उपास आला. यहुद्यांचा योम किप्पूर, सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, काम नाही. तारीख आईने पत्रात लिहून पाठवली होती, ते पत्र कंपनीच्या एजंटाकडून बंदरावर मिळालं. काकांनी कोणाला काही मागितलं नव्हतं. वसईकरच आला आणि म्हणाला, "तुझे दोन्ही वॉच माझे." इतकंच नव्हे, काकांच्या केबिनच्या दारावर त्याने पाटी लावली, "दार वाजवू नये."

शनिवार मात्र बोटीवर पाळता येत नसे, असं काका सांगायचे. इंजिनाला शनिवार कळत नाही. त्याची त्यांना खंत होती, पण तक्रार नव्हती. घरी परतले की पहिलं काम म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, फळं. त्याची एक वाटी भिंतीपलीकडे मावशीकडे यायचीच. आम्ही तो प्रसाद म्हणूनच खात असू.

आता मला यातून काय म्हणायचं आहे ते सांगते. दाढी लावून नाताळबुवा झाले असते तर काका त्या रात्री सगळ्यांचे लाडके झाले असते, पण बोटीवर ते जसे होते तसे कोणालाच दिसले नसते. त्यांनी पहारा दिला, म्हणून ते यहुदी राहून बोटीचे झाले. आणि त्या कूकने, वसईकराने त्यांना आपल्या सणात न ओढता ताटली खाली नेऊन दिली, म्हणून तो नाताळ माझ्या लेखी खरा नाताळ झाला.

मोठी झाल्यावर वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की, बेने इस्रायलांची कोकणातली सगळी गोष्टच या धर्तीची आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. गावोगाव पसरले, दिवेकर, किहीमकर, पेणकर अशी गावांवरून आडनावं घेतली. तेलाचे घाणे चालवू लागले. आणि गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'.

मंडळी, या नावाकडे जरा नीट बघा. आपल्याकडे जातींची नावं बहुधा माणूस काय करतो यावरून पडतात. हा लोहार, तो सुतार, तो कुंभार. शनवार तेल्याचं नाव मात्र तो एक दिवस काय करत नाही यावरून पडलं! शनिवारी घाणा बंद. गावातल्या कोणाला तेल हवं असेल तर त्याने शुक्रवारी न्यावं. गावाने या माणसांचा धर्म कोणता, ग्रंथ कोणता, हे कधी विचारलं नाही, पण शनिवारी यांचा बैल सुटतो हे ध्यानात ठेवलं. शतकानुशतकं त्या एका बंद घाण्यामुळे ते टिकले.

दुसरी गोष्ट माशांची. डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी गुरू कोकणात आला, त्याला या लोकांबद्दल शंका आली, म्हणून त्याने बायकांना हरतऱ्हेचे मासे शिजवायला दिले. त्यांनी खवल्यांचे मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. तेव्हा त्याला खात्री पटली, अशी कथा आहे. म्हणजे ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, पण कुठला मासा बाजूला ठेवायचा हे विसरले नाहीत. त्या गोव्याच्या कूकला रहाबीची कथा ठाऊक असण्याचं कारणच नाही, पण माणूस ओळखायची खूण त्यालाही तीच सापडली.

आणि हे लोक फटकून राहणारे होते म्हणावं तर तेही नाही. त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. पुरीमला ते 'होळीचा सण' म्हणत. एका महिन्याच्या उपासांना तर चक्क 'रमजान' म्हणत! शेजाऱ्यांकडून शब्द घेतले, पदार्थ घेतले, मंगळसूत्र घेतलं, कीर्तनसुद्धा घेतलं. मराठीत यहुदी आख्यानांवर कीर्तनं करणारे कीर्तनकार त्यांच्यात होऊन गेले. पण वर्षातून एक दिवस, त्या मोठ्या उपासाला, दारं लावून घरात बसत, पांढरे कपडे घालत, बाहेरच्या कोणाला शिवत नसत. तीनशे चौसष्ट दिवस उघडं असलेलं दार एक दिवस बंद दिसलं म्हणून शेजारी रुसले नाहीत.

माझं म्हणणं इतकंच की, ज्याला आपलं दार एक दिवस निर्धास्तपणे बंद ठेवता येतं, तोच बाकीचे दिवस ते मनापासून उघडतो.

आता कोणी म्हणेल, बाई फारच गोड चित्र रंगवताहेत. तर तसं नाही. तेली म्हणून गावात त्यांना खालच्या पायरीवरच धरत. आणि त्यांच्यातही गोरे इस्रायल नि काळे इस्रायल असा भेद होता, रोटीबेटी व्यवहार नव्हता. आपली जात त्यांनाही चिकटली होती. पुढे १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. तिथे तरी सगळे आपलेच ना? पण १९६० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाच्या चौकशा करायचा फतवा काढला. "तुम्ही पुरते यहुदी कशावरून?" ज्यांनी दोन हजार वर्षं शनिवार सोडला नाही अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना हा प्रश्न! आंदोलन करावं लागलं, धरणं धरावं लागलं, तेव्हा १९६४ साली ते पूर्ण यहुदी आहेत हे मान्य झालं. म्हणजे एकटं पाडायला परकेच लागतात असं नाही.

याच्या उलट जुनी गोष्ट सॅम्युएल दिवेकरांची. कंपनी सरकारच्या फौजेत ते अधिकारी होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तुम्ही कोण, असं विचारलं तेव्हा त्यांनी "बेने इस्रायल" असं सांगितलं. कुराणात बनी इस्राईलांचा उल्लेख आहे हे टिपूच्या आईला ठाऊक होतं, म्हणून तिच्या शब्दाखातर जीव वाचला, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधलं. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात, कारण बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. आख्यायिकेत खरं किती ते इतिहासकार जाणोत. मला तिच्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. एकट्या कैद्याने आपण कोण ते लपवलं नाही, आणि समोरच्या दुसऱ्या धर्माच्या बाईने स्वतःच्याच ग्रंथात त्याच्यासाठी जागा शोधली.

समुद्राचाच विषय आहे तर आणखी एक नाव घेतलं पाहिजे. व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन. बेने इस्रायल समाजातले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख होते, भारतीय नौदलाच्या ताफ्याचं नेतृत्व केलं, पुढे माझगाव डॉकचे प्रमुख झाले. त्यांच्या पत्नी कॅथलिक. त्यांची कन्या म्हणजे भरतनाट्यम नर्तिका लीला सॅमसन, ज्या पुढे चेन्नईच्या कलाक्षेत्राच्या संचालक झाल्या. बाप यहुदी, आई ख्रिस्ती आणि मुलगी नटराजापुढे नाचणारी! हे मुद्दाम सांगते, नाहीतर कोणाला वाटेल की, सगळ्यांनी आपापल्या खोल्यांत कड्या लावून बसावं असं माझं मत आहे. मुळीच नाही. ज्याला मिसळायचं त्याने खुशाल मिसळावं. पण ते त्याचं त्याने ठरवावं. आपण त्याचा हात धरून ओढू नये, आणि तो आला नाही म्हणून त्याच्या निष्ठेचा हिशेब मांडू नये.

आता जरा आपल्या वाशीमकडे येते. आपल्या जिल्ह्याला नाना धर्म-पंथांची सवय आहे. मंगरूळपीरचा दर्गा, शिरपूरचे जैन, कारंज्याचं गुरुमंदिर, पोहरादेवीची बंजारा यात्रा. आणि वाशीमला नाझरीन मिशनचा जुना दवाखाना, त्याच्या आवारातली मराठी ख्रिस्ती कुटुंबं. त्या आवारातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. अत्यंत गुणी, अक्षर मोत्यासारखं. शाळेत गणपती बसायचा, शारदोत्सव व्हायचा. ती आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहायची. कोणी काही म्हणत नसे.

एका वर्षी आमच्या एका सहकाऱ्याच्या डोक्यात कल्पना आली की, आरतीचं तबक हिच्याच हातात द्यायचं आणि वर्तमानपत्रात फोटो द्यायचा. "आमच्या शाळेतला सर्वधर्मसमभाव." फोटो छापून आला. सगळ्यांनी कौतुक केलं. त्या फोटोत सगळी मुलं हसताहेत आणि ती एकटी तबकाकडे बघते आहे. तिला नाही म्हणता आलं नव्हतं, हे एवढं स्पष्ट दिसत होतं की मला तो फोटो बघवेना. कोणी तिला मारलं नव्हतं, हिणवलं नव्हतं. सन्मानच केला होता! पण ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकाराला किंमत काय?

पुढच्या वर्षी मी तिला एकटीला गाठून विचारलं, "उत्सवात तुला काय काम करायला आवडेल?" ती चटकन म्हणाली, "बाई, आरती चालू असते तेव्हा पहिलीची लहान मुलं रडतात, गोंधळ करतात. त्यांना मी शेवटच्या खोलीत गोष्टी सांगू?" बघा, तिच्याजवळ उत्तर तयार होतं, कोणी विचारलं नव्हतं इतकंच. तेव्हापासून शाळा सोडेपर्यंत ते काम तिचं. मला पनवेलच्या काकांचा वॉच आठवला.

हा वॉच खरं तर आपल्याकडे सगळीकडे चालू आहे, फक्त त्याला कोणी नाव देत नाही. दिवाळीच्या पहाटे एसटी घेऊन निघणारा मुसलमान ड्रायव्हर आणि ईदला त्याची ड्यूटी करणारा हिंदू ड्रायव्हर, नाताळच्या रात्री ख्रिस्ती नर्सला सुटी मिळावी म्हणून रात्रपाळी घेणारी तिची हिंदू मैत्रीण. फोटोत हे दिसत नाही, कारण फोटो सणाचा असतो आणि पहारा देणारा फोटोच्या बाहेर असतो. पण माझा अनुभव असा की, या अदलाबदलीने माणसं जितकी जवळ येतात तितकी केक कापून येत नाहीत. केक कापायला प्रेम लागत नाही, दुसऱ्याच्या रात्रीसाठी स्वतःची झोप मोडायला लागतं.

यावर आक्षेप येईल, नव्हे, आमच्या घरात आलाच आहे. "अशाने प्रत्येक जण वेगळाच राहील. एकोपा कसा व्हायचा?" मी म्हणते, बोटीवर एकोपा नव्हता का? आठ तास एक माणूस खाली इंजिन सांभाळत होता म्हणून वरच्यांचा सण झाला. सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करणं याला मी एकोपा म्हणत नाही, ती कवायत झाली. शाळेत तीस-पस्तीस वर्षं कवायती घेतल्यात, त्यामुळे फरक कळतो!

दुसरी एक वाईट सवय अलीकडे वाढली आहे. एकट्या माणसाला त्याच्या सगळ्या जातभाईंचा जाब विचारायचा. क्रिकेटचा सामना असला की वर्गातल्या एकुलत्या एक मुसलमान मुलाकडे बघायचं. २०२३ पासून गाझात जे भयंकर चाललं त्याचं उत्तर रायगडमधल्या एखाद्या बेने इस्रायल म्हाताऱ्याने द्यायचं. तो बिचारा आपल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष कुठून जमवावेत या विवंचनेत. भारतात आता हा समाज जेमतेम काही हजारांचा उरला आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, ते चांगलं झालं. पण कागदावरच्या दर्जापेक्षा शेजाऱ्याला त्यांचा शनिवार ठाऊक असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि माझ्या नातेवाईक वाचकांसाठी शेवटचा मुद्दा. आपण इथे भरपूर आहोत म्हणून हा प्रश्न दुसऱ्यांचा वाटतो. पण आपल्यापैकी किती जणांची मुलं-नातवंडं आज परदेशात आहेत? तिथल्या शाळेत नाताळच्या कार्यक्रमात आपली नातच एकटी असते. आपल्याच भाच्या-पुतण्यांपैकी कोणी मर्चंट नेव्हीत असतो, बोटीवर निम्म्याहून जास्त फिलिपिनो ख्रिस्ती, आणि हा एकादशीचा उपास कसा सांगावा या विचारात. तिथे त्याला काय मिळावं असं आपल्याला वाटतं? कोणी त्याला चिडवू नये, हे तर आहेच. पण कोणी प्रेमाने त्याच्या ताटात गोमांस वाढून "एका दिवसाने काय होतं?" असंही म्हणू नये. कोणीतरी न सांगता त्याच्या नेवऱ्या वेगळ्या तळाव्यात. जे तिकडे आपल्या मुलांना मिळावंसं वाटतं, ते इकडे दुसऱ्यांच्या मुलांना द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा या डिसेंबरात माझं साधं सांगणं आहे. केक कापा, नका कापू, तुमची मर्जी. पण तुमच्या कचेरीत, शाळेत, इमारतीत जो कोणी एकटा असेल, त्याला ओढूही नका आणि वगळूही नका. त्याचा मोठा दिवस कोणता ते एकदा विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी त्याचं काम तुम्ही करा. तो काय खात नाही हे लक्षात ठेवा. आणि तुमच्या सणाच्या दिवशी त्याने "मी आज काम सांभाळतो" असं म्हटलं, तर त्याला फटकून वागणारा समजू नका. तोही सणाला त्याचा वाटा देतो आहे.

बघा पटतंय का. नाही पटलं तर तेही कळवा, मी रुसणारी नाही.